शाळेतला निवारा: माझी सही मी मागे घेतोय

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या दाराशी आलाय, तेव्हा आधी पूर्ण वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

एसटी स्टँडमागची पालिकेची शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली, त्याला चार वर्षं झाली. तिथे आता शहरी बेघरांसाठी निवारा केंद्र काढायचा प्रस्ताव आहे. पन्नास जणांची सोय. गेले पंधरा दिवस आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. विरोधाचं पत्र निघालं, अकरा सोसायट्यांच्या सह्या झाल्या. पहिली सही माझी. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पत्र टाइपही मीच केलं होतं. "आमचा गरिबांना विरोध नाही, परंतु" हे वाक्यसुद्धा माझंच.

ती सही मी मागे घेतोय. तुमची भीती खोटी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझी स्वतःची मुलगी क्लासहून रात्री साडेनऊला त्याच रस्त्याने येते. पण आपण चुकीच्या गोष्टीला विरोध करतोय, असं मला वाटायला लागलंय.

झालं असं, की पत्र द्यायला गेलो तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने साधा प्रश्न विचारला, "तुमच्या भागात सध्या रस्त्यावर किती झोपतात?" मी म्हटलं, "असतील पाच-दहा." घरी आलो पण ते डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही तिघं स्टँड, भाजी मंडई, सिव्हिल हॉस्पिटलचं गेट आणि गणपती मंदिराचा सभामंडप असं चालत गेलो. मोजले. त्रेसष्ट.

त्यात मंडईतले हमाल होते. नाक्यावरच्या मजूर अड्ड्यावर कामाला येणारे बिगारी होते. सिव्हिलमध्ये कुणाला तरी ॲडमिट करून बाहेर पथारी टाकलेली खेड्यातली माणसं होती. एक बाई दोन लेकरांना मधे घेऊन दुकानाच्या शटरला पाठ लावून जागीच बसली होती. दोघे दारू पिऊन तर्र होते, त्यातला एक आमच्या अंगावर धावून आला. हेही सांगतो, लपवत नाही. आणि तिघांना मी नावानिशी ओळखत होतो. रोज सकाळी ते आपल्याच सोसायट्यांमध्ये कामाला येतात. त्यातले एक जण म्हणाले, "साहेब, कुठं बोलू नका, काम जाईल." म्हणून कोण ते लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका.

तर पहिला मुद्दा हा. निवारा आला की बेघर येतील, असं आपण पत्रात लिहिलं. ते आलेलेच आहेत. गेली कित्येक वर्षं आपल्यात आहेत. आज ते विना दिवा, विना संडास, विना नोंद झोपतात. उद्या त्यातले पन्नास जण छपराखाली, रजिस्टरमध्ये नाव लिहून झोपतील. मुलीच्या सुरक्षिततेचाच विचार करायचा तर यातलं बरं कुठलं, तुम्हीच सांगा.

दुसरा मुद्दा ग्रुपवर सगळ्यात जास्त लाइक मिळालेला: "बांधायचं तर बायपासच्या पलीकडे बांधा, जागा मोकळीच आहे." मलाही आधी हे पटलं होतं. पण हमाल मंडईत पहाटे चारला लागतो. बायपासहून तो तीनला निघून चालत येणार का? हॉस्पिटलबाहेर झोपलेल्या माणसाला रात्री दोनला औषध आणायला हाक मारतात, तो पाच किलोमीटरवर झोपून काय करणार? बायपासला बांधलेला निवारा रिकामा राहील, फुटपाथ भरलेलाच राहील आणि आपण म्हणू, "बघा, यांना राहायचंच नसतं."

ही गोष्ट आपल्याकडच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच ओळखली होती. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा तो ओल्गा टेलिस खटला. माणसं फुटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ आहे, आणि रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं. फुटपाथवर कायम राहायचा हक्क मात्र कोर्टाने दिला नाही, पावसाळा संपल्यावर हटवायला मुभा दिली, हेही तितकंच खरं. म्हणजे फुटपाथ हे उत्तर नाही हे कोर्टही म्हणतं आणि आपणही म्हणतो. मग छप्पर पाहिजे, आणि ते कामाजवळ पाहिजे.

पुढे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, तोही चोवीस तास चालणारा निवारा उभारायला सांगितलं. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी केंद्राची योजना आली. बेघर जिथे जास्त आहेत, म्हणजे स्टेशन, बस स्थानक, बाजार, तिथे जवळच निवारा असावा, असं त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपलं शहर पाच लाखांच्या पुढे गेलंय. निवारा एकच आहे, तोही दुसऱ्या टोकाला. तेव्हा "आमच्याच माथी का?" याचं उत्तर असं, की हिशोबाने निदान पाच पाहिजेत. आपल्याकडचा हा दुसराच. बाकीचे तीन कुठे, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आपण जरूर वापरू. पण आधी आपला होऊ द्यायला हवा.

तिसरा मुद्दा: "पोलिसांना सांगा, उचलून नेतील." महाराष्ट्रात 1959 चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात भिकाऱ्याची व्याख्या एवढी सैल आहे, की उपजीविकेचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्यात बसतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या मुख्य तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केल्या. आपल्याकडे कायदा आहे. पण पहाटे चारला पोती वाहणाऱ्या माणसाला भिकारी म्हणून उचलायचं? आणि उचलला तर सकाळी मंडईतला ट्रक कोण उतरवणार?

आता मुंबईची एक गोष्ट. 2021 मध्ये म्हाडाने करी रोडजवळच्या दोन इमारतींतली शंभर घरं टाटा हॉस्पिटलला द्यायचं ठरवलं, कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. त्या भागातून विरोध झाला, आमदारांनी मुख्यमंत्र्यांना कळवलं, उद्धव ठाकरे यांनी स्थगिती दिली. पण विषय तिथे संपला नाही. लगेच बॉम्बे डाईंग गिरणीच्या आवारातल्या म्हाडाच्या इमारतीत शंभर घरं द्यायचं जाहीर झालं. रहिवाशांचंही काही म्हणणं असेल, मी मुंबईत राहत नाही, त्यांना नावं ठेवत नाही. पण रहिवाशांनी हरकत घेतल्याने रुग्ण यायचे थांबत नाहीत, एवढं त्यातून कळतं. शेवटी कुठल्या तरी वस्तीला हो म्हणावंच लागतं. आपणही नको म्हटलं तर दोनच शक्यता: कुणी तरी दुसरे हो म्हणतील, किंवा त्रेसष्ट जण आहेत तिथेच राहतील. मला दुसरीची भीती जास्त वाटते.

भीतीवर बोलायचं तर नुसतं घरी बसून नको, म्हणून परवा मी शहरातला तो एकुलता एक निवारा बघून आलो. कुणाला न सांगता गेलो. आत स्वच्छ होतं. खाटा, लॉकर, पिण्याचं पाणी, बायकांची खोली वेगळी. रजिस्टर चोख. पण रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार तीन महिने थकलेला. संस्थेचं बिल अडकलंय म्हणे. समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पहिले चार-सहा महिने लई ताप झाला. पिऊन आलेल्याला आत घ्यायचे नाहीत, मग तो आमच्याच दारात गोंधळ घालायचा. आता गेटवर दिवा आहे, माणूस आहे, तर काही नाही. पण माणूस नसला त्या रात्री परत तेच."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. त्रास होतो तो निवारा असल्यामुळे नाही, तर उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर निवारा वाऱ्यावर सोडल्यामुळे. आणि आपल्याकडे गोष्टी वाऱ्यावर सोडतात, हा अनुभव आपल्याला आहे. त्या शाळेचं काय झालं ते आपण पाहिलंच. तेव्हा तुमचा अविश्वास बरोबर आहे. फक्त तो "नको" म्हणण्यात वाया घालवू नका, अटी घालण्यात वापरा.

अमेरिकेत सिॲटल शहराने 2015 मध्ये परवानगी देऊन तंबूवस्त्या वसवायला सुरुवात केली. तिथेही शेजाऱ्यांची आरडाओरड हीच, शब्दही जवळपास हेच. पण नियमातच अशी तरतूद आहे, की वस्ती चालवणाऱ्याने आजूबाजूचे रहिवासी, दुकानदार यांची सल्लागार समिती धरून काम करायचं. ही एक गोष्ट आपण सरळ उचलावी. म्हणून जुन्या पत्राऐवजी मी नवीन पत्र लिहिलंय. त्यातल्या अटी अशा:

1. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला माणूस. रात्री गेट एका मिनिटासाठीही बेवारस नको.

2. योजनेत माणशी किमान 50 चौरस फूट जागा सांगितलीय. शाळेची वर्गखोली 20 बाय 25 ची, म्हणजे एका खोलीत जास्तीत जास्त दहा. खोल्या सहा आहेत. पाच राहायला, एक ऑफिसला. पन्नासचे पुढे ऐंशी करायचे नाहीत.

3. बायका आणि मुलांसाठी दोन खोल्या, वेगळं दार, वेगळे संडास. बाई काळजीवाहक.

4. आधी संडासाला पाणी आणि स्टँड ते शाळा रस्त्यावर दिवे, मग उद्घाटन. उलटं नको.

5. पिऊन आलेल्याला गेटवरून हाकलायचं नाही, आत वेगळी जागा ठेवायची. व्यसनासाठी आणि मानसिक आजारासाठी सिव्हिलच्या डॉक्टरांची आठवड्यातून एक फेरी.

6. पोलिसांची रात्रीची गस्त शाळेवरून जाईल आणि त्याची नोंद गेटवरच्या वहीत होईल.

7. शाळेचं मैदान संध्याकाळी चार ते सात आपल्या पोरांना खेळायला खुलं. आज भिंतीवरून उड्या मारून खेळतात, उद्या गेटमधून जातील.

8. देखरेख समितीत आपल्या भागातले तीन जण, पैकी दोन बायका. दर महिन्याला बैठक. संस्थेचं बिल आणि कर्मचाऱ्यांचे पगार झाले की नाही, हा पहिला विषय.

9. सहा महिन्यांनी जाहीर आढावा. अटी मोडल्या असतील तर पहिलं आंदोलन मी करेन, तारीख आत्ताच लिहून ठेवा.

घरांच्या किमती पडतील, असंही बरेच जण म्हणाले. मलाही फ्लॅट विकायचा झाला तर चार पैसे जास्तच हवेत. पण गिऱ्हाईक फ्लॅट बघायला येतं तेव्हा ते स्टँडवरूनच येतं ना? शटरला टेकून बसलेली ती बाई त्याला आजही दिसते. तिची दोन्ही लेकरं शाळेच्या वयाची आहेत आणि बंद शाळेच्या कुंपणाबाहेर झोपतात. मी चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकलो. त्या खोल्या कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात, एवढं मला वाटलं तर त्यात फार काही उदारपणा नाही.

रविवारी सकाळी दहाला मंदिराच्या सभामंडपात बैठक आहे. शुक्रवारी रात्री त्याच फरशीवर आम्ही नऊ जण झोपलेले मोजले होते. दोन्ही पत्रं तिथे टेबलावर ठेवतो, जुनंही आणि नवीनही. ज्याला जे पटेल त्यावर त्याने सही करावी. जुन्यावर सही करणाऱ्याशी माझं भांडण नाही, आपण उद्याही एकाच जिन्याने चढणार आहोत. एकच विनंती आहे. सही करायच्या आधी एकदा रात्री साडेअकराला स्टँडवर चक्कर मारून या. एकटं जायचं नसेल तर मला फोन करा, मी येतो.

कमेंटमध्ये अटी सुचवा, चुका काढा. फक्त त्या तिघांची नावं विचारू नका.