शीव सरकते, मौजे राहतें

गेल्या श्रावणांत आमचे धाकटे मावसबंधु सकाळींच घरीं आले. चहा होण्यापूर्वींच त्यांनीं खिशांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यांचें गांव कांहीं वर्षांपूर्वीं जवळच्या शहरांत समाविष्ट झालें. आतां घरपट्टीची मागणी आली होती, आणि तींत परसांतला गोठाहि राहत्या घरांत धरला होता. "दादा, आम्ही आतां गांवचे कीं शहराचे?" त्यांनीं विचारलें. या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका वाक्यांत देतां आलें नाहीं. म्हणून हें टिपण.

संस्कृत 'सीमा' शब्दाची मराठींत 'शीव' झाली. याज्ञवल्क्यस्मृतींत सीमेच्या तंट्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. सीमा ओळखावी ती बांध, वारूळ, झाडें, कोळसे, कोंडा अशा खुणांवरून. आणि दाखवावी शेजारच्यांनीं, वृद्धांनीं, गुराख्यांनीं. इंग्रजी अमलांत या स्मरणाच्या जागीं साखळी आली. ३३ फुटांच्या साखळीचे १६ आणे पाडून जमीन मोजूं लागले. त्या साखळीचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपले गांवनकाशे अशाच मोजणीवर उभे आहेत.

शहराची हद्द मात्र स्थिर नसते. मुंबईंतील शीव हें ठिकाण नांवाप्रमाणेंच एके काळीं शहराची शीव होतें. १९५० सालीं हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंत. नांव तेवढें मागें राहिलें. पुणें महानगरपालिका १९५० ची. १९९७ सालीं तींत ३८ गांवें घेतलीं, आणि विरोध झाल्यावर २००१ सालीं त्यांपैकीं कित्येक वगळलीं. २०१७ सालीं ११ गांवें आलीं, २०२१ च्या जूनअखेर आणखी २३. तेव्हां क्षेत्रफळानें ती मुंबईहून मोठी झाली. पुढें त्या अकरांतील फुरसुंगी व उरुळी देवाची हीं बाहेर काढून २०२४ सालीं त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. त्या २३ गांवांच्या ग्रामपंचायती गेल्या. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्यें संपली, आणि निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारींत. मधल्या काळांत गाऱ्हाणें घेऊन जावें, तर ना सरपंच, ना नगरसेवक!

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकाच जमिनीवर दोन रेषा असतात. एक कारभाराची: ग्रामपंचायत किंवा महापालिका. दुसरी महसुलाची: मौजे. समावेशानें पहिली बदलते. दुसरी तशीच राहते. म्हणून शहराच्या पोटांत जाऊन कित्येक वर्षें लोटलीं तरी खरेदीखतांत 'मौजे कोथरूड', 'मौजे पर्वती' असेंच लिहिलेलें आढळतें. कर कोणास द्यावा हें पहिली रेषा सांगते. जमीन कोठली आणि केवढी, हें दुसरी.

आमच्या बंधूंचा घोटाळा याच दुसऱ्या जातीच्या कागदानें नव्हे, तर एका जुन्या उताऱ्यानें सुटला. ग्रामपंचायतीच्या काळचा नमुना आठचा उतारा भावजयीनें ट्रंकेंत जपून ठेविला होता, आणि त्यांत घर व गोठा वेगवेगळे लिहिलेले होते. तो जोडून अर्ज दिला, फेरमोजणी झाली, आणि दिवाळीपूर्वीं आकारणी दुरुस्त झाली. उतारा नसता, तर तोंडच्या बोलण्यास कोणीं विचारलें असतें?

म्हणून ज्यांचें घर शहराच्या वाटेवर आहे त्यांनीं तीन कागद वेळींच जवळ करावे: सातबारा, नमुना आठचा उतारा, आणि भूमि-अभिलेख कचेरींतून गांवनकाशाची प्रमाणित नक्कल. शिवाय १९४९ च्या अधिनियमाप्रमाणें हद्द बदलण्यापूर्वीं सरकार प्रारूप अधिसूचना काढून हरकती मागवितें. ती मुदत गप्पांत घालवूं नये.

बंधूंना आम्हीं अखेर एवढेंच सांगितलें, "कर शहरास द्या, पण पत्ता लिहितांना मौजे सोडूं नका." याज्ञवल्क्यांच्या काळीं वृद्ध आणि गुराखी साक्षीस असत. आतां गुराखी उरले नाहींत. आम्हां वृद्धांनीं तरी घरांतील मुलांना एकदां शिवेपर्यंत फिरवून आणावें.