होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य

लग्नाच्या बैठकीत ‘पसंत’ आणि ‘नापसंत’ यांखेरीज ‘मागाहून कळवतो’ असे तिसरे उत्तर असते. संगणकाला ती सोय नाही. दोन संख्यांची तुलना करायला सांगा. उत्तर एक तर ‘होय’, नाही तर ‘नाही’. या होय-नाहीचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. म्हणून त्याला बूलियन म्हणतात.

एवढ्याशा होय-नाहीवर उसाचे पाणीही ठरवता येते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीवरून पुढे इंदापूरकडे जाते. वर उधळपट्टी झाली की खाली ओरड होणारच! तेव्हा पाणी मोजून देण्याला तिकडे मोल आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग लोकांपुढे मांडला. त्यात जमिनीतला ओलावा मोजणारी उपकरणेही होती.

असा आकडा हाती आला की प्रश्न एकच: ओलावा ठरलेल्या मर्यादेहून कमी आहे का? पायथॉन या संगणक-भाषेत ‘होय’ची किंमत १ आणि ‘नाही’ची ० धरतात. यादीतली मोजणीही शून्यापासूनच. मग ‘बंद, सुरू’ अशी दोन शब्दांची यादी करायची आणि तुलनेचे उत्तरच क्रमांक म्हणून द्यायचे. समजा, मर्यादा ३० आणि ओलावा २२. उत्तर होय, क्रमांक १, शब्द ‘सुरू’. ओलावा ४० असला तर क्रमांक ०, शब्द ‘बंद’. ‘जर–तर’ लिहायलाच नको! मात्र शब्दांची अदलाबदल झाली, तर ओले रान भिजेल, कोरडे करपेल, आणि संगणक चकार शब्द काढणार नाही.

खरी मेख पुढेच आहे. यादी आधी पुरी तयार होते, निवड मागाहून. शब्दांऐवजी ‘मोटार बंद कर, मोटार सुरू कर’ असे हुकूमच यादीत घातले, तर दोन्ही एकामागून एक बजावले जातील आणि ओलावा कितीही असो, मोटार अखेर चालूच राहील. म्हणून यादीतून शब्द निवडावेत. हुकूम ‘जर–तर’नेच सोडावेत.

घरात कुणी पायथॉन शिकत असेल, तर सुट्टीत त्याला हे कोडे घाला: ‘बंद, थोडे, भरपूर’ अशा तीन शब्दांतून निवड कशी करशील? दोन मर्यादांशी दोन तुलना करून त्यांच्या उत्तरांची बेरीज घ्यायची, हे त्याला सुचले, तर फराळाचा एक लाडू जास्त द्यायला हरकत नाही.