संचित नफा म्हणजे खजिना नव्हे

आजचा थ्रेड गडकोटांचा नाही, ताळेबंदातील एका ओळीचा आहे. तरीही तो इतिहासाचाच आहे.

हल्ली नवे डीमॅट खाते उघडलेल्या मित्राला कोणीतरी कंपनीच्या वार्षिक अहवालातील ‘राखीव निधी व अधिशेष’ या नावाखालचा भलामोठा आकडा दाखवतो आणि म्हणतो, ‘एवढा पैसा पडून आहे, शेअर घेऊन टाक.’ हे विधान मुळातच चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे ओळखण्यास इतिहासाचा विद्यार्थी हिशेबनीसापेक्षा कमी लायक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासले आहे. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेल्या या ग्रंथात खजिन्याच्या संग्रहावर मोठा भर आहे. तो खजिना मोजता येणारा होता: नाणी, सोने, जवाहीर. कंपनीचा संचित नफा तसा नसतो. मागील शिल्लक, अधिक यंदाचा निव्वळ नफा, वजा भागधारकांना वाटलेला लाभांश, एवढेच त्याचे गणित. मागील ४० लाख, यंदाचा नफा १२ लाख, लाभांश ४ लाख, तर संचित नफा ४८ लाख. परंतु त्या ४८ लाखांतून यंत्रे घेतली गेली असतील, गोदामात माल पडला असेल, उधारी थकली असेल. तिजोरीत कदाचित दोन लाखही नसतील. रोकड पाहायची तर ताळेबंदाच्या दुसऱ्या अंगाला, मालमत्तेच्या बाजूला पाहावे लागते. संचित नफा केवळ इतकेच सांगतो की हा पैसा मालकांचा होता आणि तो त्यांना न देता धंद्यात ठेवला गेला.

कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सहकारी साखर कारखान्यात सभासदाला मिळणारा खरा वाटा लाभांशातून नव्हे, तर उसाच्या दरातून येतो. कारखान्याच्या विस्तारासाठी त्या दरातून ‘बिनपरतीची ठेव’ म्हणून कपात झाली, की तो मनात जो प्रश्न विचारतो तोच गुंतवणूकदाराचा प्रश्न: माझे पैसे ठेवून घेतलेत, त्यांचे केलेत काय? सहकारात तर काही भाग ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. हा चौथ्या हिश्श्याचा दंडक १९१२ च्या कायद्यातही होता.

ठेवलेच नाही तर काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत आहे. पहिल्या महायुद्धात मँचेस्टरचे कापड येणे घटले आणि गिरण्यांना अभूतपूर्व नफा झाला. १९१७ ते १९२२ या तेजीत अनेक गिरण्यांनी भरमसाट लाभांश वाटले. पुढे १९२३ ची मंदी आली, जपानी स्पर्धा तीव्र झाली, तेव्हा जुनी यंत्रे बदलण्यास हाताशी पुरेसे बळ नव्हते. झळ प्रथम कोणाला बसली? काही वर्षे मिळत आलेला वार्षिक बोनस मालकांनी थांबवला आणि १९२४ च्या जानेवारीत कामगार संपावर गेले. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे, घाटावरचे असंख्य लोक होते. मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनस हा कामगारांचा हक्क मानला नाही. संप मोडला. आपण हा प्रसंग कामगार चळवळीच्या प्रकरणात वाचतो आणि लाभांशाचे प्रकरण वाणिज्य शाखेकडे सोडून देतो. ही विभागणी मला मान्य नाही. दोन्ही एकाच ताळेबंदाच्या कथा आहेत.

उलट बाजूचे उदाहरण खानदेशातले. १९४५ साली अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींकडे सूत्रे आली. तेल-साबणाच्या धंद्यातून पुढे संगणक आणि संगणकसेवा उभ्या राहिल्या. तीच आजची विप्रो.

अमळनेरच्या श्रीमंतीची कथा सांगताना बोनस शेअरचे गणित हमखास येते. (हा बोनस गिरणी कामगारांचा नव्हे, नावाचे तेवढे साम्य.) २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तिनामागे एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. म्हणजे २०१७ च्या बोनसपूर्वीचे ३०० शेअर प्रथम ६००, मग ८००, मग १६०० झाले. ऐकायला सुरेख. मात्र बोनसने भागधारक एका पैशानेही श्रीमंत होत नाही. राखीव निधीतील रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळती होते, शेअर वाढतात आणि त्याच प्रमाणात प्रत्येकाचे मोल उतरते. भाकरी तीच, तुकडे अधिक. अमळनेरकरांना संपन्न केले ते वनस्पतीच्या धंद्यातून निघालेल्या कंपनीने राखलेल्या नफ्यातून वेगळा, अधिक कमाईचा धंदा उभा केला, याने.

तेव्हा आकडा किती मोठा, हे विचारू नका. दहा वर्षांचे अहवाल काढा. त्या काळात कंपनीने एकूण किती नफा ठेवून घेतला आणि तिचा वार्षिक नफा कितीने वाढला, हे शेजारी मांडा. १०० कोटी ठेवून वार्षिक नफा जेमतेम ३ कोटींनी वाढला असेल, तर ते पैसे भागधारकांना देऊन टाकले असते तर बरे; बँकेच्या मुदत ठेवीनेही बहुधा अधिक दिले असते. १५-२० कोटींनी वाढला असेल, तर लाभांश न मिळाल्याची तक्रार करू नये. ही कसोटी ढोबळ आहे. महागाई, कर्ज, तेजी-मंदी यांचा हिशेब तीत नाही. पण अस्सल साधन हाती घेऊन केलेली ती तपासणी आहे.

आणि अमळनेरचा दाखला देताना एक सावधगिरी. बखर बहुधा जिंकलेल्यांची लिहिली जाते. शेअर दशकानुदशके सांभाळून शेवटी ज्यांच्या हाती रद्दी उरली, असे भागधारकही याच महाराष्ट्रात होते, आणि त्यांच्या कंपन्यांच्या ताळेबंदातही ‘राखीव निधी’ ही ओळ होतीच.