‘भीती ठाऊकच नव्हती’

दरवर्षी १६ डिसेंबर जवळ आला की आपल्या इंदुरातही व्यासपीठे सजतात. १९७१ च्या विजयाचे स्मरण होते आणि वैमानिकांविषयी बोलताना वक्त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘त्यांना भीती ठाऊकच नव्हती.’ टाळ्या पडतात. माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. ज्यांच्या गौरवासाठी ते उच्चारले जाते, त्यांचाच त्यात अवमान होतो. ज्याला भीती ठाऊक नाही, त्याच्या धैर्याचे कौतुक ते काय करायचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर निवर्तले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि ते पाकिस्तानचे युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीतील खोलीची भिंत फोडून १९७२ च्या ऑगस्टमध्ये, १२ आणि १३ तारखांमधील रात्री, ते ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह निसटले. अफगाण सीमेपासून काही मैलांवर, लंडी कोतल येथे, तिघेही पकडले गेले. एवढी हकीकत भाषणात येते. तिच्या आगेमागे जे आहे ते मात्र गळते. आणि मनोधैर्य नावाची वस्तू नेमकी तिथेच आहे.

त्या छावणीत डझनभर भारतीय वैमानिक होते. आरंभीचे दिवस एकांतवासाचे आणि चौकशीचे. पुढे नाताळच्या निमित्ताने ते एकत्र आले, तेव्हा आपले कोण कोण जिवंत आहे हे एकमेकांना कळले. मग पुस्तके, खेळ, गप्पा, आणि परुळकरांची योजना. शाळकरी नकाशावरून वाट ठरवणे, सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र करणे, भिंतीचा गिलावा रात्रीमागून रात्री खरवडणे, हा त्यांचा दिनक्रम झाला. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला होता. सुटका आज ना उद्या होणारच होती. मग जीव धोक्यात का घालायचा? मागे राहणाऱ्यांवर त्याचा सूड उगवला गेला तर? या प्रश्नांवर कैद्यांत एकमत नव्हते. शंका घेणारे भित्रे नव्हते. त्यांनीही तीच विमाने त्याच तोफांवर नेली होती. शंका बोलून दाखवूनही मदतीचे हात मागे आले नाहीत, हेच त्या छावणीचे मनोधैर्य. पलायनानंतर उरलेल्यांची रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली. तिघांच्या साहसाची किंमत सर्वांनी भरली. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघ्यावरून मायदेशी परतले.

भाषणांतून गळणारी आणखी एक गोष्ट आहे. लंडी खाना हे रेल्वेस्थानक कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेले. त्याचीच चौकशी केल्याने या तिघांचा संशय आला. त्या मुलखात पुढे काय वाढून ठेवले होते कोण जाणे. तेव्हा परुळकरांनी दूरध्वनी करायला लावला तो छावणीचे पूर्वीचे प्रमुख, पाकिस्तानी हवाई दलाचे उस्मान हमीद यांना. त्यांनी हे आपलेच युद्धकैदी असल्याचे सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या सौजन्यावर विश्वास टाकता येणे हेही मनोधैर्यच. पण व्यासपीठावर ते शोभत नाही, म्हणून ते वगळले जाते.

कोणी म्हणेल, तरुणांना स्फूर्ती हवी, विश्लेषण नको. मी उलट म्हणतो. वीरांना भीती वाटत नाही असे ज्या मुलाच्या मनावर बिंबवले, तो पहिल्यांदा घाबरेल त्या दिवशी स्वतःला नालायक ठरवील. शासकीय सेवेत असताना ‘कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य उत्तम’ असा शेरा मीही अहवालांवर मारला आहे. कोणाला काही न विचारता मारता येतो, हीच त्या शेऱ्याची सोय असते. आपली स्मरणभाषणे त्याच जातीची झाली आहेत.

आणि ज्या कथेला शेवट नाही तिचे काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हेही सुखोई-७ चेच वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ रोजी मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. १९७९ मध्ये लोकसभेत ठेवलेल्या बेपत्तांच्या यादीत तांब्यांचे नाव होते. २००७ मध्ये कुटुंबीय पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. मोहिमेवर निघणाऱ्या वैमानिकाचे बळ केवळ विमानाच्या यंत्रात नसते. आपण न परतलो तर मागे कोणी आपला शोध घेईल, या भरवशातही असते. तो भरवसा आपण किती पाळला, याचा उल्लेख विजयदिनी कोणी करीत नाही.

परुळकरांच्या पलायनावर ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ हा सविस्तर ग्रंथ २०१३ साली लिहिला तो फेथ जॉन्स्टन या कॅनडातील लेखिकेने. तिने त्या माणसांना प्रश्न विचारले. आपल्यापासून महू किती दूर? जेमतेम २५ किलोमीटर. सेनादलांतून निवृत्त झालेली माणसे तिथे आहेत, आपल्या शहरातही आहेत. येत्या डिसेंबरात वक्त्याऐवजी त्यांच्यापैकी एखाद्या वृद्ध वैमानिकाला, किंवा रात्रभर विमान सज्ज करून पहाटे रिकाम्या धावपट्टीकडे डोळे लावून बसणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे. हार घालून झाला की पहिला प्रश्न हाच विचारावा : भीती वाटली तेव्हा आपण काय केलेत? आणि मग, निदान तासभर, आपण गप्प बसून ऐकावे.