घराचे मोल आणि सीमोल्लंघन

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी पंचांग न उघडता नव्या कार्यास आरंभ करावा, ही आपली पूर्वापार श्रद्धा. म्हणूनच नांदेड-लातुरातील घरांचे कितीतरी व्यवहार दसऱ्याची वाट पाहत थांबलेले असतात. सकाळी पूजा, सायंकाळी सोने लुटणे, आणि मधल्या वेळात इसारपावती! या उत्साहाला आम्ही गालबोट लावू इच्छित नाही. परंतु आयुष्यभराची पुंजी ज्या चार भिंतींत ओतावयाची, त्या घराचे मोल उद्या कशाने टिकेल आणि कशाने ढळेल, याचा विचार आजच्या दिवशी करणे हेही एक पूजनच होय, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयातील एका निवृत्त गुरुजींनी लातुरातील आपले वडिलार्जित घर विकावयास काढले. कारण धाकट्या कन्येचे उच्च शिक्षण. पूर्वाभिमुख दार, ईशान्येस देवघर, अंगणात तुळशीवृंदावन. गुरुजी हे सारे मोठ्या अभिमानाने दाखवीत. घर पाहावयास आलेल्या गृहस्थांनी देवघरासमोर हात जोडले आणि मग तीनच प्रश्न विचारले. वैशाखात बोअरला पाणी असते काय? पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते काय? आणि आपल्या भगिनी खरेदीखतावर सह्या करतील काय? गुरुजी क्षणभर निरुत्तर झाले. घराची सारी शोभा आत होती. प्रश्न मात्र सारे उंबरठ्याबाहेरचे होते.

त्यातला पहिला प्रश्न पाण्याचा. लातूरकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्याची वेळ या शहरावर आली. ज्यांच्या घरी संगमरवरी देवघर होते तेही आणि ज्यांच्या घरी कोनाड्यात देव होते तेही, घागरी घेऊन टँकरच्या एकाच रांगेत उभे राहिले. त्या उन्हाळ्यानंतर घर पाहणारा मनुष्य आधी छताखालची नक्षी पाहत नाही, छतावरच्या पावसाचे पाणी कोठे जाते ते पाहतो. ते बोअरजवळ मुरविण्याची सोय असलेले घर त्याला अधिक भावते, यात नवल ते काय?

दुसरा प्रश्न भूमीचा. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाडा कधी विसरेल काय? अनंत चतुर्दशीस गणरायाला निरोप देऊन गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे गेली. जितकी भिंत जाड तितके घर तोलामोलाचे, असे मानणारा हा मुलूख. मातीत रचलेल्या त्याच दगडी भिंतींनी आणि त्यांवरील मातीच्या जड माळवदांनी घरधन्यांचा घात केला. तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजला जात असे. मोलाची कल्पनाच त्या पहाटे उलटली. आज येथे सुजाण ग्राहक खांब, तुळया आणि भिंतींतील भूकंपरोधक पट्टी यांची चौकशी करतो, ती यासाठीच.

नांदेडला हाच प्रश्न गोदामाई विचारते. गच्चीवरून नदीचे दर्शन घडावे, ही भाविकाची इच्छा सुंदर आहे. परंतु वरच्या अंगाला पाऊस झाला, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की सखल वस्त्यांचे प्राण कंठाशी येतात. म्हणून गंगेचे दर्शन घेण्यापूर्वी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कोठून जाते, ते पाहून घ्यावे.

तिसरा प्रश्न कागदांचा. गुंठेवारीतील भूखंड साध्या बाँडपेपरवर घेऊन त्यावर मजले चढविणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. राहण्यास घर, परंतु विकण्यास कागद नाही, अशी त्यांची अवस्था होते. बँकेचे कर्ज मिळत नाही आणि चांगला ग्राहक पाठ फिरवितो. भगिनींच्या वाट्याचा विषय तर अधिकच नाजूक. वडिलार्जित मिळकतीत कन्येला पुत्राइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पुढे २००५ साली तो सर्व देशात आला. तरीही भाऊबीजेला ओवाळून घेणारे हात सह्यांच्या वेळी बहिणीला टाळू पाहतात. बहिणीला अंधारात ठेवून विकलेल्या घरामागे कज्जा लागतो, आणि कज्जा लागलेल्या घरास भाव नसतो. येथे धर्म आणि व्यवहार एकच गोष्ट सांगतात.

याखेरीज घराचे मोल गाव घडविते. लातुरात गंजगोलाईच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. त्या रस्त्यांवरील जागेचे मोल कोण्या गवंड्याने वाढविले नाही, तेथील व्यापाराने वाढविले. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून विद्यार्थ्यांना खोली देता येईल असे घर म्हणजे वृद्धापकाळाचा आधार झाला. नांदेडला २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त रस्ते, पूल आणि घाट झाले, नगराचे रूप पालटले. शेजारच्या श्रद्धास्थानाचा प्रसाद साऱ्या शहराला मिळाला, असेच म्हणावे लागेल.

मग वास्तुशास्त्राचे काय? दक्षिणाभिमुख घराला ग्राहक कमी मिळतात हे खरे. लोकांच्या श्रद्धेचाही भावावर परिणाम होतो. परंतु वास्तुदोषाचे निमित्त काढून अडलेल्याचा भाव पाडणे, हे मात्र शास्त्र नव्हे. वराहमिहिराची बृहत्संहिता पाहा. तीत भूमिपरीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा, त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, कमी पडली तर अनिष्ट. त्याच ग्रंथात भूगर्भातील पाणी शोधण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पूर्वजांनी दिशेबरोबर मातीही तपासली, पाणीही शोधले. आपण दिशा तेवढी उचलली आणि माती-पाणी मागे ठेवले.

गुरुजींनी शेवटी काय केले? बोअर वैशाखात आटतो, हे त्यांनी लपविले नाही. दोन्ही भगिनींना मानाने बोलावून त्यांचा वाटा दिला. त्यांनी आनंदाने सह्या केल्या. सौदा अपेक्षेपेक्षा थोडक्यात झाला, परंतु घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा संबंध व्यवहारापाशी तुटला नाही. त्या घराच्या वास्तुशांतीस गुरुजींना सपत्नीक आमंत्रण होते.

सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे. आज घराच्या कुंपणाची सीमाही ओलांडावी, गल्लीतील नाला, गावाचे पाणी, बहिणीचा हक्क आणि पायाखालची माती यांकडे एकवार पाहावे. आपट्याचे पान देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या भावनेने सोने होते. घराचेही तसेच आहे. वाचकहो, मुहूर्त अवश्य साधा, पण आधी सत्य साधा!