पंचतारांकित हॉटेल निवडताना आधी बिल पाहा, मग तारे

लग्नाच्या खरेदीला किंवा मोठ्या दवाखान्यात दाखवायला मुंबईला निघालेले कळमनुरीचे कुटुंब मोबाइलवर हॉटेल शोधताना आधी तारे आणि फोटो पाहते. खिशाला खरा फटका बसतो तो करात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे थेट १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० रुपयांना पडते, ७,६०० ची मात्र ८,९६८ ला. दरात फरक दोनशेचा, बिलात जवळपास बाराशेचा. तोही खिडकीतून समुद्र दिसेलच याची हमी नसताना!

दुसरा प्रश्न वेळेचा. नांदेडहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालेले प्रवासी सकाळीच मुंबईत उतरतात. बड्या हॉटेलांत खोली बहुधा दुपारी दोनला मिळते. सोबत म्हातारी माणसे असतील तर लॉबीतले झुंबर काय कामाचे? सकाळी खोली देणारे, कामाच्या ठिकाणाजवळचे हॉटेल एक तारा कमी असले तरी बरे. बुकिंगआधी फोन करून हे विचारून घ्यावे.

आणि बिलात सेवा शुल्क लावलेले दिसले, तर ते काढायला सांगता येते. ते ऐच्छिकच असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.