मुझेनबर्गची एकच फेरी

जपानी पाणबुडीच्या डेकवर काढलेला तो ग्रुप फोटो तुम्ही पाहिला असेलच. खलाशी दाटीवाटीनं उभे आणि पुढे सुभाषबाबू. एप्रिल १९४३. दर २३ जानेवारीला हा फोटो पूर्वी मेलमधून यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. यावलला शाळेत आम्हाला ही गोष्ट एका वाक्यात शिकवली होती: नेताजी जर्मनीहून पाणबुडीत बसले आणि जपानला पोचले. म्हणजे भुसावळला गाडीत बसले आणि दादरला उतरले, तसं! समुद्र न पाहिलेल्या आम्हा पोरांना तेवढं पुरेसं होतं म्हणा.

मला मात्र त्या गाडीच्या ड्रायव्हरमध्ये इंटरेस्ट आहे.

वेर्नर मुझेनबर्ग. यू-१८० या जर्मन पाणबुडीचा कप्तान. तुमच्या-आमच्या अप्रेझलच्या भाषेत सांगायचं तर करिअर अगदीच बेताचं. जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डॉनिट्झ, त्याचा सगळा हिशोब टनांत. कोणी किती टन जहाजं बुडवली, बास. वोल्फगांग ल्यूट नावाचा कप्तान त्याच वर्षी हिंदी महासागरात एका सफरीवर २०६ दिवस होता, आणि युद्धात त्याच्या नावावर चाळीसच्या वर जहाजं लागली. मुझेनबर्गच्या नावावर दोन. एकूण १३,२९८ टन. युद्धसफर एकच. त्यात पाणबुडीही नवीन मॉडेलची: वेगवान टॉर्पेडो बोटींची सहा डिझेल इंजिनं आत बसवलेली. कागदावर वेग भारी, प्रत्यक्षात उष्णता आणि धूर. (हे वाचून ज्यांना आपला एखादा प्रोजेक्ट आठवला, त्यांच्याशी मी सहमत आहे.) पुढे ती इंजिनं काढून तिला मालवाहू करून टाकलं.

पण ९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून निघताना तिच्यात दोन हिंदी प्रवासी होते, सुभाषबाबू आणि आबिद हसन. पुढचे जवळजवळ अकरा आठवडे डिझेलच्या वासात. तिथेही सुभाषबाबूंचं काम चालूच, आबिद हसन लिहून घेतायत. ही जिद्द खरी आहे, तिला माझा सलामच आहे.

आता फोटोबरोबर न येणारा भाग.

मुझेनबर्ग टॅक्सी चालवत नव्हता. १८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, त्यानं ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज टॉर्पेडो मारून बुडवलं. जहाजावर साठ माणसं, वाचली दहा. आबिद हसन यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की समुद्रावर तेल पेटलं होतं, लाइफबोटीत गोरे होते आणि तराफ्यावर हिंदी-मलायी दिसणारी माणसं होती. दोन हिंदी माणसं पाणबुडीवरून हे बघतायत! ब्रिटिश साम्राज्य म्हणजे काय हे त्या एका दृश्यात आलं, आणि त्याच्याशी लढायला निवडलेले दोस्त काय करत होते तेही.

आठ दिवसांनी मादागास्करच्या आग्नेयेला जपानी पाणबुडी आय-२९ भेटली. समुद्र खवळलेला, म्हणून थांबावं लागलं. शेवटी २८ एप्रिलला हे दोघे रबरी तराफ्यावरून पलीकडे गेले. जपान्यांकडून जर्मनांकडे दोन टन सोनं आलं. फोटो काढला गेला. तोच तो.

या आय-२९ नं, याच कप्तान इझूच्या हाताखाली, पाच महिन्यांपूर्वी ‘तिलावा’ बुडवली होती. तिलावा मुंबईची बोट म्हणा ना! २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली. साडेनऊशेवर माणसं, बहुतेक प्रवासी हिंदी. नोकरी-धंद्यासाठी निघालेली साधी माणसं, बायका-मुलं. २३ तारखेला टॉर्पेडो लागला. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौकेनं उचलून २७ तारखेला मुंबईत परत आणलं.

म्हणजे ज्या फोटोकडे बघून आपली छाती फुगते, त्या फोटोतल्या डेकखाली हा हिशोब पडलेला आहे.

हे बोललं की लगेच ऐकू येतं, तुला नेताजींवर चिखल उडवायचाय. मुळीच नाही. त्यांनी बोट निवडली नव्हती. जी मिळाली तिच्यातून, जीव मुठीत धरून गेले. दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे: युद्धात असं होतंच, ब्रिटिशांनी काय कमी केलं? बरोबर. बंगालचा दुष्काळ त्याच वर्षीचा. तो आपण सांगतो आणि सांगायलाच हवा. मग तिलावाचे २८० का नाहीत? कारण त्यांना मारणारे आपल्या गोष्टीत ‘आपल्या बाजूचे’ निघतात? मला हे कारण पटत नाही. स्वातंत्र्याची गोष्ट इतकी नाजूक नाही, की मुंबईहून निघालेल्या २८० माणसांची नावं घेतल्यावर ती मोडून पडेल.

तिलावावर चांदीही होती, दक्षिण आफ्रिकेला नाणी पाडण्यासाठी निघालेली. २०१७ मध्ये समुद्रतळावरून तिच्या २,३६४ विटा वर काढल्या. मालकी कोणाची यावर खटला चालला, तो थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात २०२४ पर्यंत. पेपरांत तेव्हा बातम्या आल्या त्या मुख्यतः चांदीच्या. माणसांसाठी मुंबईत एक स्मरणाचा कार्यक्रम झाला, तो २०२२ साली. ऐंशी वर्षांनी!

आणि त्या दोन पाणबुड्या? आय-२९ जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीनं बुडवली. यू-१८० महिन्याभरातच बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसकट गेली, तेव्हा कप्तान दुसरा होता. मुझेनबर्ग तोवर तिच्यावरून उतरला होता. तो युद्धातून जिवंत सुटला.